एक लाख चार हजार सातशे एकोणतीस

पिवळट चिठ्ठी, तिच्यावर जांभळा शिक्का, शिक्क्यात आकडा — १०४७२९. संख्येला मन नसते, दया नसते, म्हणूनच ती माणसाला कधी फसवत नाही, असे बळीराम मास्तरांनी एकतीस वर्षे नववीच्या वर्गाला सांगितले होते. आणि आज सकाळपासून ते याच संख्येच्या हातापाया पडत होते — फूट गं बाई, कुठेतरी फूट.

बायकोच्या, पार्वतीबाईंच्या छातीतल्या गाठीचा तुकडा मंगळवारी सदर भागातल्या लॅबमध्ये तपासायला दिला, त्याची ही चिठ्ठी; रिपोर्ट आज मिळणार. घरात नवस नाही, अंगारा नाही. छप्पन साली दीक्षा घेऊन वडिलांनी ते सगळे सोडले. मग उरला भागाकार. एक विभाजक सापडला, तर गाठ साधी... हे कोणी ठरवले? मीच. वर्गात एखाद्याने असे म्हटले असते तर मी त्याला बाकावर उभे केले असते.

वर्गमूळ तीनशे तेवीस आणि थोडे. म्हणजे तीनशे सतरापर्यंतच्या सहासष्ट मूळ संख्यांनी भागून पाहायचे. सातने दोन उरले. अकराने नऊ. तेराने एक, एकोणीसने एक, त्रेपन्नने पुन्हा एकच — म्हणजे आधीच्या, १०४७२८ला, या तिघांनीही भाग गेला असता. ती चिठ्ठी रांगेत पुढे असलेल्या कुही गावच्या बाईची. पार्वती पाणी प्यायला थांबली नसती तर... बत्तीस विभाजक! केवढे गणगोत एका आकड्याला.

“काय भागून राहिले जी सकाळपासून?” तांदूळ निवडता निवडता पार्वतीबाईंनी विचारले.

“काही नाही वं. सवय.”

“सवयीनं घाम येते का? गाठ माही, अन् भेव तुमाले!”

“येतेस का लॅबमधी?”

“मी येऊन काय करू? कागद इंग्रजीत रायते. तुमीच वाचा. फक्त मले सांगतानी गणितावानी नका सांगू, लवकर सांगा.”

तीनशे सतराने एकशे एकोणीस उरले. संपले. मूळ संख्या — एक आणि ती स्वतः, तिसरे कोणी नाही. मास्तरांनी पुन्हा पहिल्यापासून तपासले, चूक सापडावी म्हणून. पोरांच्या वहीत हमखास सापडायची. एकही नव्हती. इतके बिनचूक गणित त्यांच्या हातून आयुष्यात झाले नव्हते.

नंदनवनमधल्या घरून ऑटोत बसल्यावर त्यांना वाटले, अट आपणच घातली, आपणच मोडू... पण मोडायची कुणापाशी? नवस निदान फेडता येतो. आणि मग ते कळले, अगदी शांतपणे — रिपोर्ट साधा आला, तरी आपला आता त्याच्यावर विश्वास बसणार नाही.

खिडकीत त्यांनी चिठ्ठी सरकवली.

“नंबर नाही लागत काका,” आतली मुलगी म्हणाली, “पेशंटचं नाव सांगा.”

पाकिटे नावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे लावलेली होती.