नकाराचं कारण

सरांच्या बोलण्यापुढे आजवर एकही पालक टिकला नव्हता. दरवर्षी सुट्टीत सरकारी शाळेचे शिक्षक जोडीजोडीने घरोघर फिरून नव्या मुलांची नावं नोंदवायचे, आणि विज्ञानाच्या सरांची यादी सगळ्यांच्या आधी भरायची. छप्पर गळतं म्हणून कुणी कुरकुरलं, की ते म्हणत, "अहो, छप्पर फक्त पावसाळ्यात गळतं. डोकं गळायला लागलं तर बारा महिने गळतं." याचा नेमका अर्थ काय, हे सरांनाही सांगता आलं नसतं, पण ऐकणारा मान डोलवायचा आणि सही करून मोकळा व्हायचा.

यंदा मात्र घोडं अडलं होतं. सरांची स्वतःचीच मुलगी प्राथमिक शाळा संपवून मोठ्या शाळेत जाणार होती. तिला घरीदारी सगळे टिचकी म्हणत, कारण तिचे प्रश्न नेमके लागायचे तिथेच लागायचे. तिच्यासाठी सरांनी टेकडीवरच्या खासगी शाळेचा अर्ज आणून ठेवला होता. टिचकीची आई त्या शाळेच्या ग्रंथालयात कामाला होती, त्यामुळे जागा जवळजवळ हातात होती. सोमवारपर्यंत फक्त होकार कळवायचा होता.

गंमत अशी, की आईलाच ती शाळा फारशी पटत नव्हती. "चार वर्षं तिथे पुस्तकांना कव्हरं घालतेय मी," ती म्हणायची. "एकही पुस्तक फाटून परत येत नाही हो. मुलांना वाचायला सवडच नाही, शाळेतून शिकवणीला आणि शिकवणीतून अंथरुणात. तुमच्या शाळेत काय वाईट आहे?"

"छप्पर गळतं," सर म्हणाले.

"मग काय झालं? डोकं गळायला लागलं तर..."

"ते मी लोकांना सांगतो!"

लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. नळ, बाकं, प्रयोगशाळा, सरांनी जी जी तक्रार काढली तिला त्यांचंच दारोदार वाटलेलं उत्तर आईने परत केलं. शेवटी सर चिडून चपला घालून नोंदणीला निघून गेले. खरं कारण त्यांनी तिला सांगितलं नाही. ते अजून त्यांनी स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं.

फिरायला जोडीला चित्रकलेच्या बाई होत्या. निवृत्तीला दोन वर्षं उरली तरी बाईंचा कडकपणा तसूभर कमी झाला नव्हता. यादीतल्या प्रत्येक मुलाच्या घरी जायचं. पालक तयार असेल तर पहिल्या रकान्यात सही, नसेल तर दुसऱ्या रकान्यात 'नकाराचं कारण' आणि त्याखाली सही. कोरा रकाना बाईंना कुसळासारखा खुपायचा.

यादीतलं पहिलं नाव न्हाव्याच्या पोराचं; न्हावी दुकानातच भेटला. त्याने सरांना आग्रहाने खुर्चीत बसवलं, साबण लावला, वस्तरा गळ्याशी आणला आणि मगच विचारलं, "सर, तुमची टिचकी कुठे जाणार?"

अशा वेळी माणूस खोटं बोलत नाही. "अजून ठरायचंय," सर ओठ न हलवता म्हणाले.

"मग आमच्या पोराचंही अजून ठरायचंय," न्हावी म्हणाला, आणि त्याने दुसरा गाल घेतला.

बातमी त्यांच्या पुढे पुढे धावत होती. शिंपीणबाई म्हणाल्या, सर घालतील तिथे आम्ही. बेकरीवाला म्हणाला, आचारीच आपल्या हातचं खात नसेल तर गिऱ्हाइकाने का खावं? दुपारपर्यंत 'नकाराचं कारण' या रकान्यात बाईंच्या सुरेख अक्षरात सात ठिकाणी एकच वाक्य लिहिलेलं होतं: 'सरांचं अजून ठरायचंय.'

"आता एकोणिसावं घर," बाई म्हणाल्या आणि सरांच्याच गल्लीत वळल्या.

"बाई, हे सोडा हो. घरी मी बोलतो."

"यादीत आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी बेल वाजवली.

दार आईने उघडलं. तिने बाईंकडे पाहिलं, मग यादीचं पॅड छातीशी धरून उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "कोण हवंय आपल्याला?"

"आम्ही सरकारी शाळेतून आलोय," बाई म्हणाल्या. त्या जरा हसल्या असत्या तरी सर वाचले असते. पण बाई कामावर असताना हसत नसत.

सरांना पाहुण्यांची खुर्ची मिळाली. तिचा एक पाय आखूड होता, म्हणून एरवी ते तिच्यावर कधी बसत नसत. पाणी आलं. पाठोपाठ टिचकी आली आणि मांडी घालून समोर बसली.

"सर, तुमच्या शाळेत माझ्यासारखीला काय मिळेल?"

सर सवयीने सुरू झाले. कविता शिकवताना स्वतःच डोळे पुसणाऱ्या भाषेच्या बाई, सगळ्यात कच्च्या मुलासाठी संध्याकाळपर्यंत थांबणारे गणिताचे सर, खडूच्या चुऱ्यातूनही रंग करून दाखवणाऱ्या या चित्रकलेच्या बाई. बोलता बोलता सरांनाच नवल वाटलं, कारण त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

"आणि विज्ञान कोण शिकवतं?"

"आहेत एक."

"कसं शिकवतात?"

बाईंनी पर्स उघडली आणि आत बघत बसल्या.

सुरुवातीला सर बरं शिकवायचे. डबक्यातलं पाणी बरणीत भरून वर्गात आणायचे, मुलांकडून विजेची घंटा बनवून घ्यायचे. मग कधीतरी एक वही तयार झाली, आणि नऊ वर्षं तीच वही चालली होती. तिच्यात समासात जागोजाग लिहिलं होतं, 'इथे मुलं हसतात.' मुलं हसायची थांबली त्याला सहा वर्षं झाली. सर मात्र त्या जागी अजून थांबायचे.

ही पोर पहिल्याच आठवड्यात ते थांबणं पकडेल, याची सरांना भीती वाटत होती. गळणाऱ्या छपराची नाही, नळाची नाही, आपल्या मुलीसमोर उघडं पडायची. आणि इतकी वर्षं लोकांच्या मुलांसमोर तेच करताना आपल्याला काहीच कसं वाटलं नाही, याची लाज त्यांना आत्ता, त्या लंगड्या खुर्चीत बसल्यावर वाटली. चांगलीच वाटली.

त्यांनी पॅड घेतलं, दुसऱ्या रकान्यात दोन शब्द लिहिले आणि ते बाईंकडे दिलं.

"'विज्ञानाचे शिक्षक'," बाईंनी वाचलं.

आईच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "अहो, हे काय लिहिलंत?"

"थांबा जरा," बाई म्हणाल्या. "बत्तीस वर्षं हा रकाना भरतेय मी. छप्पर, नळ, बाकं. सगळं वर पाठवते, ते वर पडून राहतं. इथल्या इथे मिटेल असं कारण आज पहिल्यांदा आलंय." त्यांनी पॅड सरांच्या मांडीवर परत ठेवलं. "बोला सर, त्याखाली सही करताय की खोडताय?"

"म्हणजे बाबा," टिचकीने विचारलं, "मी तुझ्या शाळेत येऊ की नको?"

सरांनी ते दोन शब्द खोडले आणि पहिल्या रकान्यात सही केली.

"ये," ते म्हणाले. "पण पहिल्या बाकावर बस. मी वहीत बघून बोलायला लागलो, की लगेच हात वर कर."

"सगळ्यांसमोर? मग तुला रोज भीती वाटेल."

"वाटू दे," सर म्हणाले. "त्याशिवाय मी अभ्यास करायचो नाही."