दुसऱ्या ऑपरेशनचा कोड

उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या एका खाजगी प्रसूतिगृहात किर्ती इन्शुरन्सचे क्लेम भरायची. नुसतं सिझेरियन असेल तर एक कोड, सोबत नसबंदी केली असेल तर दुसरा. तिला ते सगळे तोंडपाठ होते.

तिचं दुसरं बाळंतपणही तिथंच झालं. सिझेरियनसाठी कमरेखालचं अंग बधिर केलं होतं, पण ती पूर्ण जागी होती. मुलगा झाला म्हणून कुणीतरी सांगितलं, बाळ रडलं, आणि तेवढ्यात डॉक्टरबाई सिस्टरला म्हणाल्या, "आता ट्यूब बांधून घेऊ."

"कुणाच्या?" किर्तीने विचारलं.

"तुझ्याच गं. तुझ्या नवऱ्याने सही दिलीय. मुलगा झाला तर करून टाका म्हणाला."

"मला नाही करायचं. मॅडम, मी नाही म्हणतेय!"

"टेन्शन नको घेऊस. दोन मिनिटांचं काम आहे."

पडद्यापलीकडचे हात थांबले नाहीत. किर्तीने पाय ओढून घ्यायचा प्रयत्न केला. पाय हललेच नाहीत.

वॉर्डात तिचा नवरा अक्षय पेढे घेऊन आला. सोनिवलीहून आलेली सासू, कौसाबाई, नातवाला मांडीवर घेऊन बसली होती.

"मला का नाही विचारलंस?" किर्ती नवऱ्याला म्हणाली.

"अगं, परत परत पोट फाडायचं का? तुझ्याच भल्यासाठी केलं ना."

"आणि मुलगी झाली असती तर?"

अक्षय पेढ्यांच्या बॉक्सचं झाकण लावत राहिला. कौसाबाईच बोलली, "तर नसतं केलं. एवढं काय त्यात?"

रजा संपवून किर्ती कामावर आली, तर तिचाच क्लेम अडकलेला. तिच्या जागी बसलेल्या समीरने चुकून नुसत्या सिझेरियनचा कोड टाकला होता. किर्तीने तो दुरुस्त केला आणि शेऱ्यात लिहिलं, 'नसबंदीला पेशंटची संमती नव्हती.'

डॉक्टरबाईंनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"नोकरी करायचीय ना तुला?" एवढंच विचारून त्यांनी तिच्यासमोर शेरा पुसला. क्लेम लगेच मंजूर झाला.

किर्तीने नोकरी सोडली नाही. घरी बसायचं म्हणजे कौसाबाईसमोर बसायचं. पण आता सिझेरियनच्या आधी ती वॉर्डात जाते आणि बाईला स्वतः विचारते. परवा चामटोलीची चिमी कॉटवर बसली होती.

"ट्यूब बांधायच्यात का? तुम्हाला विचारतेय मी."

चिमीने दारात उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

"मला काय विचारता, ताई," ती म्हणाली. "त्यांना विचारा."