आठ रेघांचं खोटं

मी एक जुना हायड्रोमीटर आहे, आणि मित्रांनो, माझ्यावर विश्वास ठेवू नका. दूधवाल्याच्या दुधातलं पाणी पकडणारी काचेची नळी तुम्ही पाहिली असेल. त्याच घराण्यातला मी. फक्त माझा जन्म दुधात नाही, बिअरच्या रसात बुडून त्याची गोडी मोजण्यासाठी झाला; रस जितका गोड, तितका माझा आकडा मोठा. पोटात शिशाच्या गोळ्या आणि वर बारीक मान. मानेत रेघांची कागदी पट्टी, शून्य वर आणि आकडे खाली वाढत जाणारे, तीही गोंदाच्या एका ठिपक्यावर चिकटवलेली. माझी सगळी अब्रू त्या ठिपक्यावर होती.

अमेरिकेतल्या दुलूथ गावात ऑर्विल लिंडक्विस्टच्या तळघरात मी चौतीस वर्षं काम केलं. साधा माणूस होता, पण मापाच्या बाबतीत कर्दनकाळ! दर वेळी मला आधी साध्या पाण्यात सोडायचा आणि म्हणायचा, "दाखव बाबा शून्य." पाणी शून्याच्या रेघेला टेकलेलं दिसलं, की मगच मला रसात सोडायचा. त्याच्या काळ्या बिअरचे आकडे एका वहीत होते. घरी बिअर बनवणाऱ्यांच्या मंडळाच्या स्पर्धेत सहा चषक त्या वहीने आणले. मंडळाचा अध्यक्ष वेंडेल हाउगन दर वर्षी दुसरा यायचा आणि सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवायचा.

फेब्रुवारीत ऑर्विल गेला. त्याच्या बायकोने, आर्डिसने, ठरवलं की मंडळाच्या जुलैच्या सहलीत त्याच्या नावाने त्याचीच बिअर सगळ्यांना पाजायची. बिचारीने आजवर फक्त बाटल्या धुतल्या होत्या. वेंडेल धावत आला.

"वही माझ्याकडे दे ना, आर्डिस. मी बनवतो की! तू कशाला या वयात दगदग करतेस?"

"नको रे. त्याची शेवटची बिअर माझ्याच हातची होऊ दे. तू फक्त ते लॅपटॉपवरचं जमवून दे."

वेंडेल हसला. पण ओठ कसे आवळले गेले, ते मी डब्यातून पाहिलं.

दोघांनी दुपारभर खपून पातेल्याचा हिशेब लॅपटॉपमध्ये भरला. मापाच्या भांड्याने पाणी मोजून ओतलं, तासभर उकळून किती आटलं ते पाहिलं, तळाशी किती उरतं तेही टिपलं. तिथे वेंडेलने काहीच लबाडी केली नाही, खोटं कशाला बोलू? मग आर्डिस कॉफी आणायला वर गेली, त्याने मला डब्यातून काढलं आणि मी त्याच्या हातातून निसटलो. काच शाबूत राहिली. गोंद मात्र सुटला आणि पट्टी मानेत खाली घसरली.

त्याने मला मोरीतल्या पाण्यात सोडलं. पाणी शून्याच्या आठ रेघा वर. म्हणजे यापुढे प्रत्येक आकडा मी आठने कमी सांगणार! वेंडेल बराच वेळ बघत राहिला. मग मला रुमालाने पुसून, अगदी अलगद, डब्यात ठेवलं.

आर्डिस खाली आली. "हा ठीक आहे ना रे? पाण्यात बघायचं असतं ना आधी?"

"मी बघितलं ना आत्ता. शून्य म्हणजे शून्य! ऑर्विलची वस्तू आहे ती."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि तो केस मी होतो.

बिअर करायच्या दिवशी वहीत छप्पन्न लिहिलेलं, आणि मी दाखवले अठ्ठेचाळीस. आर्डिसचा चेहरा उतरला. आपलंच काहीतरी चुकलं असं समजून तिने लॅपटॉप सांगेल तेवढी माल्टची गोड पावडर आकडा वाढवायला ओतली. रस आंबत गेला, गोडी उतरत गेली, आणि दहा दिवसांनी मी चौदा दाखवले. वहीत चौदाच होते! तिने आनंदाने वेंडेलला फोन लावला. "चौदा आले रे! अजून दोन दिवस थांबून परत बघू का? ऑर्विल बघायचा."

"चौदा म्हणजे चौदा. आता मुहूर्त काढणार आहेस का? भर बाटल्या!"

खरे होते बावीस. उरलेल्या साखरेचा वायू होऊन बिअर अजून आतून खदखदत होती आणि तिने चिमूटभर साखर घालून वर बुचं ठोकली. मी ओरडलो असतो, पण देवाने मला मान दिली, गळा दिला नाही.

सहलीत पहिली बाटली टेबलाखाली फुटली. मग दुसरी, तिसरी. लोक खुर्च्या टाकून पळाले, आणि मग हसू लागले. कुणीतरी ओरडलं, "ऑर्विल वरून तोफा डागतोय रे!" आर्डिसच्या तळहातात काच घुसली होती. वेंडेलने तिला पट्टी बांधली आणि हळूच म्हणाला, "मनाला लावून घेऊ नकोस. ऑर्विल आकडे थोडे इकडेतिकडे करून लिहायचा. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं."

तिने त्याच संध्याकाळी वही त्याला देऊन टाकली. ऑक्टोबरमध्ये वेंडेलला चषक मिळाला. मला डब्यातून काढून आर्डिस एवढंच म्हणाली, "चौतीस वर्षं खोटं बोलत होता का रे तो माझ्याशी?"

आता मी स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. उंच पेल्यात साधं पाणी, त्यात जिरेनियमची एक फांदी आणि मी. शेवटी काही झालं तरी नवऱ्याची वस्तू, टाकवत नाही तिला. रोज सकाळी ती पाणी बदलते आणि रोज मी तिच्या डोळ्यांसमोर उभा राहतो. पाणी शून्याच्या आठ रेघा वर. अगं बाई, एकदा चष्मा लाव, एकदा वाच! तुझा नवरा खरा होता, मी खोटा आहे. ती फांदीला फुटलेली मुळं बघते.

मित्रांनो, मोजायची वस्तू कुणाच्याही शब्दावर घेऊ नका. आधी साध्या पाण्यात सोडा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

काल वेंडेल कॉफीला आला होता. बोलता बोलता त्याची नजर माझ्यावर गेली. उठून त्याने पेला हलकेच फिरवला आणि माझ्या रेघा भिंतीकडे केल्या.

"फांदीला ऊन नीट लागू दे," तो म्हणाला.

"किती लक्ष असतं रे तुझं," आर्डिस म्हणाली, आणि तिने त्याचा कप पुन्हा भरला.