काठोकाठ प्याला

"बाबा, सगळ्या ओळी एकमेकींच्या अंगावर पडल्यात! आणि 'बर्फाची जाडी' एवढं मोठं कशाला? मोर्चाचा फलक आहे का?"

"मी काही केलं नाही गं. आपोआपच फुगलं," तुराट फोनवर निरागसपणे म्हणाला.

डोंगराळ नारीन गावच्या हवामान केंद्रात तो डोंगरातला बर्फ वितळल्यावर नदीला किती पाणी येईल, याचं गणित मांडत असे. गणिताची ही वही संगणकाच्या पडद्यावरची होती. एका चौकटीत कोड, खाली उत्तर. ती लावून दिली होती लेकीनं, बेगायिमनं. बेगायिम तिकडे कोरियात, इंचॉनला. वही तिच्याही पडद्यावर उघडे, आणि ती आत आली की ओळींमधून तिच्या नावाची हिरवी रेघ लुकलुकत फिरे.

पहिल्यांदा खरोखरच चुकून भलतं बटण दाबलं गेलं होतं. कोडची चौकट साध्या मजकुराची झाली, ओळींचा काला झाला आणि # खुणेची बारीकशी टीप मथळा होऊन बसली. बेगायिमनं फोन करून बापाला यथेच्छ झापलं, आणि मग ठेवता ठेवता विचारलं, "आईचा गुडघा कसाय?" मग गुडघ्यावरून मेंढ्यांवर, मेंढ्यांवरून शेजारणीच्या सुनेवर, असा फोन बराच लांबला.

तेव्हापासून ते बटण वरचेवर चुकून दाबलं जाऊ लागलं. तुराटचं बोट सरकारी नोकरीतलं. चुकायचं तर नियमानं चुके. रविवारी तो लॅपटॉप घरी आणे. बायको, बुरुल, ठेवणीतला रुमाल डोक्याला बांधून शेजारी बसे आणि विचारी,

"अहो, बिघडलं का तुमचं?"

"बिघडेल गं. चहा तर होऊ दे."

आजही वेळेवर बिघडलं होतं. हिरवी रेघ भराभर फिरली, ओळी आपापल्या जागी गेल्या.

"बाबा, ही कटकटच संपवली मी," बेगायिम म्हणाली. "एक प्रोग्राम बसवलाय. कितीही वाकडं करा, सेव्ह केलंत की आपोआप सरळ. आता मला फोन करायची गरजच नाही तुम्हाला!"

"शाब्बास," तुराट म्हणाला. "फार मोठं काम केलंस."

"ठेवते हं, ड्यूटी आहे."

"अगं, गुडघा..." बुरुल म्हणाली. तोवर रेघ गेली होती.

तिनं चहा ओतला. त्यांच्याकडे पाहुण्याला प्याला अर्धाच भरून देतात, म्हणजे तो पुन्हा पुढे करतो आणि गप्पा चालू राहतात. काठोकाठ भरून दिला तर अर्थ एवढाच, की प्या आणि निघा.

"काठोकाठ भरला," तुराट पुटपुटला.

बुरुलनं वाकून पाहिलं. "कुठे? अर्धाच तर आहे."

त्यानं दोन ओळी उजवीकडे ढकलून पाहिल्या. सेव्ह. सरळ. चौकट मजकुराची केली. सेव्ह. पुन्हा कोड. पोरीनं काम चोख केलं होतं; कुणाची लेक! फक्त # मागच्या राखाडी टिपांना तो प्रोग्राम हात लावत नव्हता. त्यात काय लिहायचं ते माणसाचं माणसानं बघावं.

तुराटनं दोन बोटांनी सावकाश टाइप केलं:

# आईचा गुडघा दुखतोय. चहा अर्धाच ओतलाय.

सेव्ह केलं. बाकीच्या ओळी शिस्तीत उभ्या राहिल्या. त्या राखाडी ओळीला कुणी हात लावला नाही.