न झोपणारा पडदा

या, जरा जवळ सरकून बसा. एका कीर्तनवेड्याची गोष्ट सांगतो. तो वेडा मीच, दिवाकर.

द्वारका सर्कलपाशी आमच्या कीर्तन मंडळाचा हॉल आहे. अभंग सगळ्यांना वाचता यावेत म्हणून भिंतीवर मोठा पडदा लावलाय. त्यामागचा लिनक्सचा कॉम्प्युटर दोन मिनिटं हात लागला नाही की झोपायचा. ऐन रंगात पडदा काळा! मग ओरडा, "अहो दिवाकर, माऊस हलवा!"

चमत्कार करतात अशी ख्याती असलेले तेजनाथ महाराज कीर्तनाला आले तेव्हा हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांनी कॉम्प्युटरवर हात ठेवला. "जागा राहा!" दोन तास पडदा विझला नाही. लोक रडायला लागले. मग आजारी माणसं पुढे आली. महाराज एकेकाला सांगू लागले,

"नाव सांगा. पडदा जागा, तर तुमच्यातला देव जागा. मग औषध हवंय कशाला! पडदा झोपला तर पाप बाकी. थांबा... थांबा... गेला! बोललो नव्हतो?"

भागीबाई आमच्या जुन्या टाळकरी. मधुमेहाच्या. त्यांच्या नावाला पडदा जागा राहिला. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दिवाकरभाऊ, मंग इन्सुलिन सोडू का ओ?"

"डोळ्यांनी पाहिलंत ना, भागीबाई?" मी म्हणालो.

त्यांनी इन्सुलिन सोडलं. दहाव्या दिवशी त्या बेशुद्ध. त्यांची नात वेदिका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. ती दवाखान्यातून थेट कीर्तनाला आली.

"महाराज, मी वायफाय बंद केलंय. आता जागवा."

"जागा राहा!" दोन मिनिटांत पडदा काळा.

"पोरी, तुझी अश्रद्धा आड येते."

"वायफाय असलं की ती आड नाही येत का?"

लोक हसले. वेदिकेने कॉम्प्युटरवर आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडून कीबोर्डवरचा वरचा बाण दाबला. कुणी आधी टाइप केलेल्या आज्ञा एकामागून एक पडद्यावर येऊ लागल्या.

"कॅफीन नावाची ही छोटी सोय. चालू असेपर्यंत कॉम्प्युटर झोपत नाही. चालू-बंद करायला एक ओळ पुरते. शेवटी ट्रू लिहिलं की जागा, फॉल्स लिहिलं की जरा वेळाने झोप. पासवर्ड माहीत असला की ती ओळ मागच्या रांगेतून, वायफायवर, मोबाईलवरूनही पाठवता येते."

वायफाय चालू करून तिने तसंच करून दाखवलं. सगळ्यांच्या माना मागे वळल्या. महाराजांचे शिष्य खंडेराव मोबाईल खिशात घालत होते.

"पण यांना कॉम्प्युटरचा पासवर्ड दिला कुणी?" तिने विचारलं.

मी दिला होता. 'अभंगाची अक्षरं मोठी करून देतो, काका,' खंडेराव म्हणाले, आणि मी कागदावर लिहून दिला. आधी सांगायला हवं होतं. शेवटी त्या दिवशी सगळ्यांसमोर उभा राहिलो आणि ते कबूल केलं.

महाराज पळाले. भागीबाई शुद्धीवर न येताच गेल्या.

कीर्तन मी सोडलेलं नाही, तुम्हीही सोडू नका. पण चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी विचारा, हे झालं कसं? आणि औषध बंद करायचं ते डॉक्टरांना विचारूनच. टाळ हातात घ्याल तेव्हा भागीबाईंची आठवण काढा. मला विसरलात तरी चालेल.