टाकीखालचा हिरवा ठिपका

ताईचा फोन आला तेव्हा भर दुपारी मी उपनगराच्या दुसऱ्या टोकाला इलेक्ट्रिक गाड्यांच्या एका चार्जरची केबल बदलत होतो.

"ऐक. आईला घेऊन निघालेय, तिला श्वास पुरत नाहीये. गाडीत तीन टक्के उरलेत. पाण्याच्या टाकीखालच्या चार्जरपाशी उभी आहे आणि याचा पडदा काळा. तू याच धंद्यातला ना, कुठलं बटण दाबू?"

कुठलंच नाही. ते यंत्र बारा दिवसांपूर्वी जळालंय. आतला कोळसा मी स्वतः बघितलाय. आणि आज सकाळी चहा पिता पिता मीच ते ॲपवर हिरवं केलं होतं.

आमच्या घराच्या बाजूला चार्जर तीन. एक बिल्डरनं जाहिरातीतल्या फोटोपुरता लावला. दुसरा क्लबच्या कुंपणात, आत जायला मेंबर पाहिजे. उरला टाकीखालचा. चालू असला की ॲपवर हिरवा ठिपका, बंद असला की रात्रीतून आपोआप लाल. लाल फार दिवस राहिला की आमच्या कंपनीला सरकारी खात्यातून जाब विचारतात. म्हणून साहेब रोज सकाळी सांगतात, "ठिपके बघून घे," म्हणजे लालाचे हिरवे कर. हातानं परत लाल करायला साहेबांची मंजुरी लागते. हिरवा करायला कोणाचीच लागत नाही. दीड वर्ष हे करतोय. पोटासाठी, असं म्हणायचं असतं. पोटाच्या आड काहीही लपतं.

"ॲम्ब्युलन्स?" मी विचारलं.

"पाऊण तास म्हणाले. निघाले तेव्हा सात टक्के होते. सातात हॉस्पिटल गाठलं असतं की नसतं, देव जाणे. हिरवं दिसलं म्हणून चढ चढून इकडे आले. बोल ना, मुका झालास का?"

मागून आईचा आवाज आला. "धाकटा का? त्याला म्हणावं... डबा खाल्लास का."

"तिथंच थांब. व्हॅन घेऊन येतो. फोन ठेवू नकोस."

बारा मिनिटं लागली. फोन स्पीकरवर होता. ओल्या लाकडात करवत अडकावी तसा आईचा श्वास अडकत होता. मी सिग्नल तोडला, एका रिक्षावाल्याच्या आई-बहिणीवरच्या शिव्या ऐकून घेतल्या. मधेच करवत थांबली. मी ॲक्सिलरेटर दाबला.

मग पुन्हा सुरू झाली.

पोचलो तेव्हा आईचे ओठ जांभळे पडले होते. आम्ही दोघांनी तिला उचलून व्हॅनमध्ये केबलच्या गुंडाळ्यांना टेकवून बसवलं.

"भंगारात... घातलंस की रे," ती म्हणाली. हसायला गेली, पण दम पुरला नाही.

ताई तिची पाठ चोळत होती. "हे हिरवं करणारा सापडू दे मला. कानशील फोडते त्याचं."

"मी केलं."

ताईचा हात थांबला. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

उताराला लागलो तर समोरून हिरव्या नंबरप्लेटची एक पांढरी गाडी चढ चढत येत होती. चालवणारा म्हातारा. एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्यात फोन, नजर फोनवर. टाकीकडे जाणारा रस्ता तो एकच.

"फोन दे तुझा," ताई म्हणाली. "लाल करते."

"साहेबांची मंजुरी लागते."

मी हॉर्न दिला, हात हलवून नाही नाही म्हटलं. त्याला वाटलं, मी वाट मागतोय. बिचाऱ्यानं गाडी बाजूला घेतली आणि मान डोलावली.

मी थांबलो नाही. थांबलो असतो तर अर्धं मिनिट गेलं असतं, आणि आईकडे ते होतं का, मला माहीत नव्हतं.

आई वाचली. आता घरी आहे, डब्याचं रोज विचारते. ताई माझ्याशी कामापुरतं बोलते.

पण शेजारून जाताना मी त्या गाडीत पाहिलं होतं. मागच्या सीटवर चादर पांघरून कुणीतरी आडवं होतं. कोण होतं, पुढं काय झालं, मी कोणाला विचारलेलं नाही. विचारायची हिंमत होत नाही.