लेकीच्या मापाची रिकीब

शर्यतीत घोडी कोसळली, त्याला पाच महिने झाले होते. तिच्यावर बसलेली, घोडीची निगा राखणाऱ्या मोतद्दाराची लेक घाबरून दुसऱ्याच दिवशी मावशीकडे निघून गेली होती. आज सकाळी घोडी मोतद्दाराने धरलेल्या लांब दोरीवर, रिकाम्या पाठीने, न लंगडता पूर्ण फेरी दौडली.

"रविवारी नवा जॉकी बसेल," मालक म्हणाले. "त्याचे पाय लांब आहेत. रिकिबी खाली घे."

मोतद्दार दर आठवड्याला घोडीच्या खोगिराला तेल लावायचा, पण रिकिबीच्या पट्ट्याचं बक्कल लेकीच्या मापाच्या भोकातून त्याने कधी काढलं नव्हतं. त्याने लेकीला फोन लावला.

"घोडी धावली गं."

"कान कसे होते?"

"सारखे मागे. पाठीवर कुणी का नाही, म्हणत असेल."

"बाबा, मस्का नको लावूस."

"मस्का कसला? रिकिबी खाली घ्यायला सांगितल्यात."

 ती म्हणाली, "शनिवारपर्यंत राहू दे."

फोन ठेवून मोतद्दाराने बक्कल होतं तिथेच ठेवलं आणि कालच तेल लावलेल्या पट्ट्यावरून पुन्हा फडकं फिरवलं. आज मंगळवारच होता.